भुऱ्याला घेऊन समुद्रावर: पिकअपमधले आठ दिवस



या पानावर मी कांद्याचा करपा, टोमॅटोवरची नागअळी आणि ठिबकची गळती सोडून फारसं दुसरं लिहीत नाही. पण फेब्रुवारीत आठ दिवस काहीच लिहिलं नव्हतं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, कुठं गायब झाला होता? तर आम्ही दोघं नवरा-बायको कोकणात गेलो होतो. लॉज नाही, हॉटेल नाही. आपल्या पिकअपमध्येच राहिलो, तिच्यातच झोपलो, झाडाखाली स्टोव्ह मांडून स्वयंपाक केला. आणि सोबत कुत्रा होता. ट्रिपपेक्षा कुत्र्याबद्दलच लोकांना जास्त नवल वाटलं. का नेला, कसा नेला, काय खाल्लं त्यानं, गाडीत घाण करत नाही का. सगळं एकदाच लिहून ठेवतो. ज्याला जायचं असेल त्याच्या कामाला येईल.

घरी का ठेवला नाही

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटर आत. चारी बाजूंनी ऊस. उसात बिबट्या. हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काही उगाच नाही. बाहेरच्या तालुक्यातल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की बिबट्या आमच्याकडं वासरांपेक्षा कुत्र्यांवर जास्त जगतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या गावात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्या फक्त ११ टक्के. कारण सरळ आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रा ओसरीवर असतो.

आमच्या शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा दोन वर्षांपूर्वी असाच गेला. माणसं लग्नाला गेली होती, कुत्रा दारात साखळीला. सकाळी साखळी होती, पट्टा होता, कुत्रा नव्हता. मोकळा कुत्रा निदान पळतो, पत्र्यावर चढतो, चुलीमागं शिरतो. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट.

यंदा फेब्रुवारीत तर आमच्या बांधाला लागूनचा चार एकर ऊस नुकताच तुटला होता. ऊस तुटला की आतली मादी पिल्लं घेऊन सरकते आणि पंधरा-वीस दिवस कुठं फिरेल याचा नेम नसतो. गायींना जाळीचा गोठा आहे, त्यांची काळजी नव्हती. पुतण्या दिवसा येऊन कांद्याला पाणी देणार, संध्याकाळी धार काढून गावातल्या घरी जाणार. त्याच्या घरात रांगतं पोर आहे, त्यामुळं तो रात्री वस्तीवर थांबणार नव्हता. मग कुत्र्याचं काय? गोठ्यात कोंडून दोन रात्री पाहिलं. रात्रभर भुंकला, गायी उभ्याच राहिल्या, सकाळी दूध कमी. गावात ठेवावा तर गल्लीतली कुत्री फाडतील.

कारभारीण एका वाक्यात बोलली, "अहो, तो येत असंल तर मी येते. नायतर तुम्ही जाऊन या."

तिचं वय बावन्न. समुद्र तिनं टीव्हीत पाहिलेला. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, त्यात पंढरपूर, आळंदी, जेजुरी आणि दोन पाहुण्यांची गावं एवढंच फिरणं झालं. धार काढणारा माणूस घराबाहेर राहू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदाच सगळा मेळ बसत होता. तो एका कुत्र्यापायी मोडायचा नव्हता, आणि कुत्राही मोडीत काढायचा नव्हता. म्हटलं, चल, तिघं जाऊ.

गाडी म्हटल्यावर तो थरथरायचा

भुऱ्या गावठी आहे, सहा वर्षांचा, अंदाजे अठरा-वीस किलोचा. तो आमच्याकडं जन्मलेला नाही. पाच-सहा महिन्यांचा असताना कुणीतरी चारचाकीतून आणून आमच्या फाट्यावर सोडला. दोन दिवस तो प्रत्येक गाडीमागं धावत होता. तिसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर आला आणि राहिला.

आमच्याकडं कुत्रा गाडीत बसतो तो सहसा एकदाच. कोंबडी खाल्ली, म्हातारा झाला, खरूज आली, की पोत्यात घालायचा आणि घाटात किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून यायचं. मी भुऱ्याला पिकअपजवळ नेऊ लागलो तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांनी सहज विचारलं, "कुठं सोडणार?" कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्यात पाळलेलं जनावर बेवारस सोडणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सोडलेला कुत्रा मरत नाही तोवर दुसऱ्याच्या गावाला त्रास होतो, हे आपल्याच फाट्यावर आपण बघतो.

भुऱ्याच्या डोक्यात गाडी म्हणजे काय हे त्यामुळं पक्कं होतं. इंजिन सुरू झालं की शेपूट पायात आणि अंगाला कापरं. म्हणून डिसेंबरपासूनच त्याची सवय केली. पहिला आठवडा गाडी बंद, फाळका खाली, आणि संध्याकाळची भाकरी हौद्यात. दुसऱ्या आठवड्यात इंजिन चालू, गाडी जागेवर. मग कॅनॉलपर्यंत जाऊन परत. मग डेअरीपर्यंत, मग ओतूरच्या बाजारापर्यंत. प्रत्येक वेळी गाडी परत ओसरीसमोरच येऊन थांबायची. महिन्याभरात एक दिवस मी डेअरीला निघालो तर हा आधीच हौद्यात बसलेला. नवा बैल जुंपायला शिकवताना आपण जेवढा वेळ देतो, तेवढाच दिला. त्यात जास्तीचं काही नाही.

गाडीची तयारी

मोटरहोम म्हणतात ती गाडी मी व्हिडिओत पाहिली आहे. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. आपल्या राज्य सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्याकडं मात्र टोमॅटो वाहायची पिकअप. तीच धुतली, तीन दिवस उन्हात उघडी ठेवली, कारण औषधाच्या बाटल्या आणि खताच्या गोण्या त्यातूनच येतात. कुत्रा तळ चाटतो, हे लक्षात ठेवा.

हौद्यावर लोखंडी कमानी होत्याच. वर ताडपत्री, ताडपत्रीच्या वर चार बोटं जागा सोडून रोपवाटिकेचं हिरवं शेडनेट. दोन्हींच्या मधून हवा खेळते आणि आत भट्टी होत नाही. तळाला गोठ्यातली रबराची मॅट, कारण पत्रा तापला की पंजे भाजतात. चार टोमॅटोचे क्रेट उलटे मांडून त्यावर प्लायवूड, तो झाला पलंग. क्रेटच्या आत भांडी, पीठ, कपडे. पन्नास लिटरचा पाण्याचा ड्रम पुढच्या बाजूला, पाच किलोचा गॅस मागं. स्वयंपाक कायम गाडीच्या बाहेर. ताडपत्रीखाली गॅस पेटवायचा नाही.

मालाच्या गाडीत मागं माणसं बसवायला परवानगी नाही, म्हणून चालताना आम्ही दोघं केबिनमध्ये, भुऱ्या मागं. त्याला बांधायची पद्धत नीट वाचा. गळ्याच्या पट्ट्याला दोरी बांधून कुत्रा उघड्या गाडीत कधीच ठेवू नका. त्यानं बाहेर उडी मारली तर फास बसतो. छातीभोवती बसणारा पट्टा घ्यायचा, त्याला दोन बाजूंनी दोन आखूड दोऱ्या. बसता, उठता, वळता आलं पाहिजे, फाळक्यावरून मान बाहेर जाता कामा नये. ताडपत्रीच्या दोन्ही बाजू गुंडाळून वर ठेवायच्या. नुसती मागची बाजू उघडी ठेवली तर चालत्या गाडीत सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो.

बिबट्यासाठी त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, तो घरीच काढून ठेवला. रस्त्यात पोरं कुत्र्याला हात लावायला येतात, त्यांच्या हाताला लागायला नको. साधा पट्टा घातला आणि त्यावर माझा मोबाईल नंबर पक्क्या शाईनं लिहिला.

आधी कार्ड, मग पान-सुपारी

जनावरांच्या डॉक्टरांकडून महिनाभर आधी सगळं करून घेतलं. रेबीजची लस दरवर्षीची, ती देऊन कार्डावर तारीख, सही, शिक्का. त्यासोबत एकत्रित लस, ज्यात डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टो येतात. लेप्टो उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि माणसालाही होतो, भातखाचराच्या मुलखात जाताना त्याकडं काणाडोळा नको. जंताची गोळी, आणि गोचिडासाठी औषध. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, त्यातून कुत्र्याला ताप येतो, खाणं सुटतं, रक्त कमी होतं.

माझा एक भाचा जर्मनीत नोकरीला आहे. तो सांगत होता, तिकडं लोक सुट्टीत अशी घरगाडी घेऊन कुत्र्यासह चार-चार देश फिरतात. कुत्र्याचा पासपोर्ट असतो. कातडीखाली नंबराची चिप, मग रेबीजची लस, आणि पहिली लस दिल्यावर २१ दिवस थांबल्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. फिनलंड, नॉर्वे, आयर्लंडसारख्या देशात शिरायच्या आधी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरांसमोर पट्टकृमीचं औषध द्यावं लागतं, त्याचीही नोंद पासपोर्टात. ऐकून मला हसू आलं होतं. गुहागरला पोचल्यावर हसू गेलं.

त्याचं असं झालं. गुहागरला एका लॉजवाल्यानं गाडी आवारात लावायलाही नको म्हटलं, कुत्रा आहे म्हणून. त्याचाही धंदा आहे, मी वाद घातला नाही. पुढं एका नारळी-पोफळीच्या वाडीत विचारलं. वाडीचे मालक सत्तरीचे. त्यांनी माझं नाव-गाव विचारलं नाही, आधार मागितलं नाही. म्हणाले, "कुत्र्याचं लशीचं कार्ड आहे का? माझा नातू चार वर्षांचा आहे." कार्ड दाखवलं. तारीख नीट वाचली, मग म्हणाले, "त्या विहिरीशेजारी लावा गाडी. पाणी लागेल तेवढं घ्या."

मग मी त्यांना विचारलं, "आजोबा, वाडीत उंदराचं औषध टाकलंय का?" त्यांनी दोन माडांची बुंधं दाखवली. तिकडची बाजू आम्ही दोरी लावून बंद केली. हा प्रश्न कुठल्याही शेतात मुक्काम करताना विचारायचाच. झिंक फॉस्फाईडची गोळी पिठात, तेलात कालवलेली असते, कुत्र्याला ती खाऊ वाटते, आणि त्यावर उतारा नाही. शेजारी आंब्याची बाग होती, मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी चालू होती. त्या बाजूलाही भुऱ्याला नेलं नाही. ओल्या गवतावरून चालून आलेला कुत्रा नंतर पाय चाटतो.

त्याच्या घड्याळानं प्रवास

आमचा रस्ता नारायणगाव, पुणे, सातारा, कराड, मग पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि गुहागर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नवीन पोरं हे एका दिवसात मारतात. आम्ही दोन दिवस घेतले.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकून जाते. कोकणात हवा दमट, तिथं धापेचाही उपयोग कमी होतो. म्हणून पहाटे चारला निघायचं, दर दोन तासांनी थांबायचं, अकरा ते चार गाडी सावलीत उभी. बंद केबिनमध्ये कुत्रा पाच मिनिटांसाठीही ठेवायचा नाही. बाहेर हवा बरी वाटत असली तरी बंद गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश तापमान चढतं. कुत्रा फार धापा टाकतोय, लाळ चिकट झालीये, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातायत, तर ऊन लागलंय समजायचं. सावलीत न्या, पोट, काखा, पंजे साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका.

खाण्याचं मला आमच्या रानात मेंढ्या बसवणाऱ्या धनगरानं शिकवलं. मंडळी, घर पाठीवर घेऊन कुत्र्यासह फिरणं ही काही साहेबांची नवी टूम नाही. हे लोक दरसाल दिवाळीनंतर घोड्यावर संसार लादून निघतात, बरोबर लेकरं, कोंबड्या आणि राखणीची कुत्री. त्याचं म्हणणं, चालायच्या आधी कुत्र्याला खायला द्यायचं नाही, मुक्कामाला पोचून दम खाल्ल्यावर द्यायचं. गाडीलाही तेच लागू पडतं. निघायच्या आधी चार-पाच तास पोट रिकामं, फक्त पाणी. भुऱ्यानं घाटात एकदाही उलटी केली नाही. घाणीचंही तसंच. दर दोन तासांनी खाली उतरवला तर कुत्रा बसल्या जागी घाण करत नाही. मागून आपण उचलायची, त्यासाठी जुने वर्तमानपत्र आणि खुरपं ठेवा.

काय द्यायचं नाही, तेही सांगतो, कारण ते सगळं आपण पिकवतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट, कच्चा असो की रश्शातला. द्राक्षं आणि मनुके किडनीला वाईट. द्राक्षबागायतदार मंडळींनी गळालेले मणी खाणाऱ्या कुत्र्याकडं लक्ष ठेवावं. चॉकलेटही नको. आम्ही त्याला बाजरीची भाकरी, दूध आणि उकडलेली अंडी दिली, घरी खातो तेच.

मजेची गोष्ट सांगतो. हे सगळं कुत्र्यासाठी ठरवलं होतं, पण दुपारी कराडच्या पुढं एका वडाखाली पाच तास थांबलो तेव्हा कारभारीण म्हणाली, "दिवसाउजेडी अशी मी बाळंतपणानंतर आजच झोपले." मीही पहिल्यांदाच कोयनेचं पाणी उगाच बसून पाहिलं. एरवी मी एका दमात गुहागर गाठलं असतं आणि पोचल्यावर दोघांचंही अंग दुखलं असतं.

कोयनानगरच्या पुढं जंगल लागतं. तो सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेचा. तिथं भुऱ्याला खाली उतरवलं नाही, लघवीलाही नाही. अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायला बंदी असते, आणि ती योग्य आहे. आपल्या कुत्र्यातला डिस्टेंपर रानातल्या जनावरांना लागू शकतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, त्यातल्या काहींच्या अंगात याच रोगाचा विषाणू सापडला होता. घाटात माकडं होती, त्यांना पाहून भुऱ्या उठून उभा राहिला. तिथं आखूड दोरीचा उपयोग कळला.

समुद्र

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही गुहागरच्या वाळूवर गेलो. व्याडेश्वराचं दर्शन आधीच पाळीपाळीनं झालं होतं. एकानं आत जायचं, एकानं कुत्रा धरायचा. वाळूवर त्या वेळी दोन मच्छीमार सोडले तर कुणी नव्हतं. कारभारीण पाण्याच्या कडेला गेली आणि उभी राहिली. लाट आली, पायावरून गेली, तरी ती हलली नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी हाय आन् एका वाफ्याला चालत नाय."

भुऱ्या आधी लाटेवर भुंकला, लाट मागं गेली तेव्हा त्याला वाटलं आपणच हाकलली. मग पुढच्या लाटेला पळाला. दहा मिनिटांत ते भांडण मिटलं आणि तो पाण्यात तोंड घालायला लागला. ते लगेच थांबवा. खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब होतात, जास्त गेलं तर जीवावर येतं. गोडं पाणी बाटलीत घेऊनच समुद्रावर जायचं आणि आधी ते पाजायचं. दुसरं म्हणजे जाळ्यातून फेकलेली मासळी आणि गळ. वाळूत गळाचे तुकडे असतात, म्हणून दोरी सोडली नाही. तिसरं, नऊनंतर वाळू तापते. आपला तळहात उलटा करून सात-आठ सेकंद वाळूवर ठेवा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

परत येताना किनाऱ्यावरची पाच-सहा कुत्री गोल करून आली. तो त्यांचा मुलूख. पळायचं नाही, आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावर घ्यायचं नाही, दगडही मारायचा नाही. मी भुऱ्याला माझ्या मागं घेतलं, काठी जमिनीवर आपटत आडवं आडवं गाडीकडं सरकत गेलो. कारभारणीनं बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. हद्द संपली तशी ती थांबली. कुणाला दात लागला नाही. लागला असता तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून चावणाऱ्याला दिलेली असते असं नाही. रेबीज एकदा उठला की माणूस वाचत नाही, लस वेळेत घेतली तर वाचतो. एवढं एक वाक्य घरातल्या पोरांना पाठ करायला लावा.

पाचव्या दिवशी धोपाव्याहून फेरी बोटीत गाडी चढवून दाभोळला उतरलो. बोटीच्या इंजिनाचा आवाज त्याला सोसेना, मी मागं हौद्यात त्याच्याजवळ बसून राहिलो. पुढं दापोली. कोकण कृषी विद्यापीठ तिथं १९७२ पासून आहे, शेतकऱ्यानं दापोलीला जाऊन ते न पाहणं बरं नव्हे. पुन्हा पाळीपाळीनं. हापूस आणि नीलमच्या संकरातून काढलेल्या रत्ना जातीची दोन कलमं घेतली. परतीच्या वाटेवर खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई असा सगळा रस्ता ती कलमं आणि भुऱ्या शेजारी शेजारी होते. एक पान तोडलं नाही त्यानं.

परत आल्यावर

आठव्या दिवशी संध्याकाळी फाट्यावरून आत वळलो. ज्या फाट्यावर त्याला सोडलं होतं, तिथं गाडी हळू झाली तसा तो उभा राहिला, कान ताठ. मी थांबलो नाही. ओसरीसमोर गाडी लावून फाळका पाडला. त्यानं खाली उडी मारली, पाण्याची टाकी, गोठा, कांद्याचा बांध असा सगळा फेरा वास घेत मारला आणि ओसरीच्या कोपऱ्यापाशी येऊन अडला. मानेवरचे केस उभे.

पुतण्या म्हणाला, "तात्या, फोनवर नाय सांगितलं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या रात्री येऊन गेला." ओसरीच्या मातीत पंजे होते. तो सारवून घेणार होता, पण मला दाखवायला एकावर घमेलं पालथं घालून ठेवलं होतं. ठसा भुऱ्याच्या झोपायच्या पोत्यापासून हातभर अंतरावर. पोतं ओढून बांधाजवळ नेऊन टाकलेलं होतं.

कारभारणीनं ते पाहिलं, आत गेली आणि चहा ठेवला. त्या विषयावर ती अजून बोललेली नाही. दुसऱ्या दिवशी मी वनखात्याला कळवलं. आता भुऱ्यासाठी गोठ्याच्या भिंतीला लागून वेल्ड मेशचा पिंजरा केला आहे, वरूनही बंद, साडेचार फूट बाय तीन फूट. रात्री तो त्यात झोपतो, गायी दिसतात म्हणून भुंकत नाही. ज्यांच्या वस्त्या उसात आहेत त्यांनी निदान एवढं करावं. जुना अँगल, जाळी आणि अर्ध्या दिवसाचं वेल्डिंग, दुसरं काही लागत नाही.

आणि बाहेर जायचं असेल तर कुत्रा बरोबर नेता येतो. त्याला महागडी गाडी लागत नाही. लसीचं कार्ड, छातीचा पट्टा, सावली, पाणी आणि दर दोन तासांनी थांबायची तयारी लागते. ज्याला थांबायला वेळ नाही, त्यानं नेऊ नये. त्यानं कुणाला तरी रात्री वस्तीवर झोपायला सांगावं, आणि तेही जमत नसेल तर जाळीत ठेवून सकाळ-संध्याकाळ भाकरी-पाण्याची सोय करून जावं. साखळीला बांधून जाऊ नये, आणि घाटात तर सोडूच नये.

दिवाळीत गणपतीपुळ्याला जायचं म्हणते आहे ती. कांद्याचं रोप त्या वेळी कसं असेल त्यावर बघू. तुमच्यापैकी कुणी रत्नागिरीच्या बाजूला गाडी लावायला जागा आणि विहिरीचं पाणी देऊ शकत असेल तर कळवा. कार्ड आधी दाखवीन.

जाता जाता कांद्याचं: आठ दिवसांत पुतण्यानं दोन पाळ्या वेळेत दिल्या, पण शेंड्याला पीळ दिसतो आहे. फुलकिडे आहेत. उद्या निळे चिकट सापळे लावतो, त्याचा फोटो आणि मोजणी परवा टाकीन.